३५ प्रुइट

३ मार्च
बातमी पक्की. ‘३५ प्रुइट’ नावाचं काडतूस जगात कुठेही नाही. नडीनने स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरवर शोधून खात्री करून दिली. ती खरं तर मीटलोफची कृती शोधत होती, पण शोध तो शोध. मैदान मोकळं आहे.

वडिलांचं नाव नदीकाठच्या बाकावर आहे. थोरल्या भावाचं अग्निशमन दलाच्या बंबावर. माझं फक्त दुकानाच्या पाटीवर: ऑर्व्हल प्रुइट, श्रवणयंत्रं. अख्खं गाव बंदुका उडवतं, त्यामुळे धंदा बरा चालतो. पण जागा भाड्याची. मी गेलो की पाटी उतरवतील. काडतुसाला दिलेलं नाव मात्र कोणाला उतरवता येत नाही.

योजना: पंचेचाळीस बोअरच्या काडतुसाची जाडजूड पुंगळी घ्यायची, तिचा गळा बाटलीसारखा आवळायचा, त्यात पस्तीसची सडपातळ गोळी बसवायची. पोट मोठं, तोंड लहान, वेग भयंकर. त्यासाठी रिव्हॉल्व्हर खास घडवून घ्यायचं. ऑक्टोबरात त्यानेच एल्क मारायचा; आमच्याकडचं घोड्याएवढं हरीण. मग शिकारीच्या मासिकात लेख.

निश्चय: तोपर्यंत कोणालाही सांगायचं नाही.

४ मार्च
डेलमारला सांगितलं. नडीनचा भाऊ, म्हणजे घरचाच. त्याने विचारलं, का रे, जुनी काडतुसं संपली का? मी म्हटलं, प्रश्न तो नाही. मग म्हणाला, आमच्या आजोबांच्या रायफलला जमत नाही असं हे काय करणार? मी म्हटलं, रायफलने कोणीही एल्क मारतं. तो म्हणाला, हो ना, म्हणून तर हिवाळाभर जेवतो आम्ही.

डेलमारला कल्पनाशक्ती नाही.

११ मार्च
रोवेना एकर्टकडे गेलो. आयडाहोच्या या भागात तिच्याइतकं चांगलं कोणी बंदुका घडवत नाही, असं ती स्वतःच सांगते. सूर्यफुलाच्या बिया चावत, टरफलं कॉफीच्या डब्यात थुंकत तिने माझी आकृती पाहिली. म्हणाली, ऑर्व्हल, असा आवळलेला गळा रायफलमध्ये ठीक आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये बार उडाला की पुंगळी आपल्या घरातून मागे सरकते, मागच्या पोलादावर रेटून बसते आणि सहा घरांचं चाक फिरेनासं होतं. मोठमोठ्यांनी करून पाहिलंय. मी म्हटलं, त्यांनी माझ्या मापाने केलं नव्हतं. ती म्हणाली, बाबा रे, तुझं माप पेपर नॅपकिनवर आहे.

शेवटी काम घेतलं. अट एकच: बंदुकीवर तिचं नाव कुठेही नको. एवढ्या मोठ्या कारागिराचा हा विनय बघून भरून आलं.

२० मे
गॅरेजमध्ये पुंगळ्यांचे गळे आवळतोय. निम्म्या तडकतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच वाकड्या. हे अपेक्षितच होतं. निदान आजपासून आहे.

धुवायला डिशवॉशरमध्ये टाकल्या होत्या. नडीनला एक कॅसरोलमध्ये सापडली. ती काही बोलली नाही. नडीन बोलत नाही तेव्हा मी गॅरेजमध्ये जेवतो.

१७ जून
रिव्हॉल्व्हर आलं. निळसर काळं पोलाद, अक्रोडाची मूठ, नळीवर कोरलेलं ‘३५ प्रुइट’. रोवेनाने अक्षरं सुंदर काढलीत. रात्री जेवताना टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवलं. नडीनने त्यावर भांडी पुसायचं फडकं टाकलं.

१८ जून
चाचणी. पहिला बार भव्य. नेमासाठी ठेवलेला डबा कुठे गेला कळलं नाही. दुसरा बार झाला नाही. चाक हलेना. लाकडी हातोडीने ठोकून पुंगळी मोकळी केली.

कारण शोधून काढलं. यंत्र नवं आहे, कोरडं आहे. तेल हवं.

१९ जून
सहाही घरांत भरपूर तेल. पहिला बार भव्य. चाक कालच्यापेक्षा पक्कं अडकलं. निष्कर्ष उघड आहे: तेल कमी पडलं.

४ जुलै
गावाच्या नेमबाजीच्या रेंजवर पिकनिक. लोकांनी आग्रह केला. म्हणजे डेलमारने केला. एक बार उडवला. गर्दी दुसऱ्याची वाट बघत उभी राहिली. मी रिव्हॉल्व्हर खाली ठेवून जाहीर केलं की हे काडतूस असं आहे की एकच पुरतं. मागून कोणीतरी म्हणालं, मग उरलेली पाच घरं कशाला, लोणचं ठेवायला? बहुतेकांनी बार उडण्यापूर्वीच कानातली यंत्रं काढून ठेवली होती, त्यामुळे खुलासा फार जणांपर्यंत पोचला नाही.

एकंदरीत छाप पडली.

९ ऑगस्ट
रोवेना दुकानात आली. कानाच्या यंत्राची बॅटरी संपली होती. बॅटरी बदलून ऐकू यायला लागल्याबरोबर बोलायला लागली. म्हणे, तू घरांना तेल लावतोस असं गावभर झालंय. अरे, बार उडाला की पुंगळी फुगते आणि घराच्या भिंतीला धरून बसते. तू त्या भिंती तेलकट करतोस, ती घसरते, ती घसरली म्हणून तू आणखी तेल घालतोस. घरं कोरडीठाक पूस, म्हणजे कधीमधी दुसरा बार तरी होईल.

तेलाने यंत्र अडकतं म्हणे. बाईचं वय झालं. मी तिला निरोप दिला आणि जहाजांच्या इंजिनांना लावतात ते घट्ट तेल मागवलं.

१५ सप्टेंबर
लेख पूर्ण. निकालाचा परिच्छेद तेवढा रिकामा ठेवलाय.

नडीनला सांगितलं, यंदा रायफल घरी ठेव, फ्रीजर मी भरणार. दरवर्षी तीच भरते. तिने विचारलं, नक्की ना? हिवाळा मोठा असतो. मी म्हटलं, नक्की. तिने फ्रीजर रिकामा करून धुऊन पुसून ठेवला. असा विश्वास लग्नानंतर पहिल्यांदाच जाणवला.

डेलमार सांगत होता की तिने खाटकाकडे अर्ध्या गाईची चौकशी केलीय. असेल काहीतरी गैरसमज.

१२ ऑक्टोबर
एल्कच्या हंगामाचा पहिला दिवस. पहाटे नडीन आणि मी देवदारांच्या उतारावर. तिच्या हातात फक्त थर्मास. उजाडलं आणि मोठा नर समोरच्या मोकळ्या जागेत आला. एवढ्या जवळ की त्याच्या तोंडातून निघणारी वाफ दिसत होती. नेम धरला. भव्य बार. एल्कच्या शेजारचा ओंडका फुटला.

एल्कने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी घोडा ओढला. ओढला गेला नाही. चाक पक्कं. मांडीवर आपटलं. दगडावर आपटलं. हातोडी बाहेर काढली. नडीन हळूच म्हणाली, ऑर्व्हल, सावकाश, तो थांबलाय. तो खरंच थांबला होता. थोडं गवत खाल्लं, पुन्हा बघितलं, आणि मी तेलाची बाटली उघडेपर्यंत चालत झाडांत गेला. पळाला नाही, चालत गेला.

नडीनने कॉफी ओतून दिली. मग तिने तोंड मफलरमध्ये खुपसलं. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती.

लेखासाठी वाक्य: पहिल्याच बारात प्राणी जागच्या जागी खिळला.

१५ ऑक्टोबर
गावच्या खानावळीत गल्ल्याचा खण अडकला. तिथे वाढायचं काम करणारी ग्वेनेथ आतल्या स्वयंपाक्याला ओरडून म्हणाली, जरा ये रे, याचं प्रुइट झालं. मी काउंटरपाशी ॲपल पाय खात बसलो होतो. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे माझ्यासाठी म्हटलं नव्हतं. लोक असंच बोलतात आता.

दुपारी डेलमारचं लाकडं फोडायचं यंत्र एकदा चालून बंद पडलं. शाळेत स्टेपलर. चर्चमध्ये ऑर्गनची एक पट्टी.

रात्री नडीनला विचारलं, तू म्हणतेस का? ती म्हणाली, तुझ्यासमोर नाही.

२० ऑक्टोबर
रेंजचा अध्यक्ष घरी येऊन गेला. टोपी हातात घेऊन बसला होता. रेंजवर कोणाची बंदूक अडकली की त्याने हात वर करून ओरडायचं आणि बाकीच्यांनी लगेच थांबायचं, असा नियम आहे. आजवर जो तो वेगळं काहीतरी ओरडायचा, बरंचसं मुलांसमोर न शोभणारं. आता सगळ्यांना कळेल असा एकच शब्द ठरवायचाय. तो नियमावलीत छापतील आणि फलकावर रंगवतील. म्हणाला, तुझी हरकत असेल तर आपण ‘थांबा’ म्हणू.

मी विचार करायला वेळ मागितला. तो कोट घालेपर्यंत विचार झाला.

रिव्हॉल्व्हर रोवेनाकडे दिलं. ती चाक काढून पंचेचाळीसचं साधं बसवणार आहे, आणि नळी बदलून तिच्यावर स्वतःचं नाव कोरणार आहे. मासिकाचा लेख खणात ठेवला.

उद्या हंगामाचा शेवटचा दिवस. नडीन रायफल घेऊन निघेल, थर्मास माझ्याकडे. त्या शब्दावर मतदान शनिवारी संध्याकाळी, रेंजच्या शेडमध्ये. भाषण लिहिलंय. नडीनने वाचून पहिलं वाक्य ठेवलं आणि बाकीचं खोडलं. ती म्हणते, ठराव एकमताने होईल. मग मी गेल्यानंतरही कोणीतरी हात वर करून माझं नाव ओरडेल आणि सगळी रेंज क्षणभर थांबेल.

टाय इस्त्री करायचाय.