नऊ फुटांचा उतार

३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. समोरच्या मावशींचं कार्ड आलं. गुडघ्यांमुळे त्या घराबाहेर पडत नाहीत, आणि आई आठ महिन्यांत एकदाही त्यांच्याकडे फिरकली नाही. माझं काही चुकलं का, असं विचारतात. मला पुढे वाचवेना. आईच्या चाकांच्या खुर्चीसाठी मी स्वतः राबून दारात उतार बांधून दिला, तो काय शोभेला? तुला नोकरी आहे, कबूल. पण रस्ता ओलांडायला असा कितीसा वेळ लागतो? रागावलो आहे, तरी लोभ आहेच.
तुझा दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. आईने शपथ घातली होती, ती आज मोडते. तुझा उतार फार उभा आहे. तू रिकामी खुर्ची ढकलून पाहिलीस आणि घाईने निघून गेलास. आई बसली की खुर्ची माझ्या हातातून सुटू पाहते; पहिल्याच दिवशी दोघी फाटकावर आदळलो. चौघांनी उचलून न्यायला ती तयार नाही. ते एकदाच, म्हणते. पोराने हौसेने केलंय, त्याला नावं ठेवायची नाहीत, म्हणून मावशींनाही तब्येतीचं कारण कळवते. मीही गप्प बसले, ते चुकलंच. राग गेला असेल तर दोन ओळी लिही.
तुझी धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! दीड फूट उंचीला नऊ फूट लांबी, म्हणजे दर सहा फुटांत एक फूट चढ. घाटरस्ता ट्रकसाठी असा आखला असता तर साहेबांनी मला घरी बसवलं असतं. हाताने ढकलायच्या खुर्चीला बारा फुटांत एक हवा, म्हणजे अठरा फूट लांबी. मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तेवढा केला तर माझी मोटार लावायला जागा उरत नव्हती, आणि मी येतो वर्षातून दोनदा. लाज वाटते. मावशींना खरं काय ते सांग. इथलं काम महिनाअखेर संपेल, की लगेच येऊन तो उतार फोडतो आणि नवा बांधतो. लोभ ठेवा असं लिहायला हात धजत नाही.
दादा

२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. मावशींना सगळं सांगितलं. खूप हसल्या, अठरा फूट होईपर्यंत थांबते म्हणाल्या. काल सकाळी गेल्या. आईने स्वतःच शेजारच्या चौघांना बोलावून घेतलं, मला खुर्चीसकट उचलून समोर न्या म्हणाली. मावशींचा हात धरून बराच वेळ बसली. तुझ्यावर रागावलेली नाही. दादाला लिही म्हणाली, तिथलं काम पुरं करून सावकाश ये, आता घाई नाही.
तुझी धाकटी