आरशाचा पारा

दौंड,
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

दादास अंजनाचा नमस्कार.

मी दौंडला सुखरूप पोचले. इकडे भुरभुर पाऊस आहे, कॉलेजात घटक चाचण्या चालू झाल्यात. अनितावहिनीनं दिलेल्या शेंगा संपतही आल्या. आईला नमस्कार सांग. तिच्याविषयी पुढे लिहिते.

फोनवर तू मला मध्येच तोडतोस आणि फोन वहिनीकडे देतोस. म्हणून हे पत्र तुझ्या लेकीच्या, सायलीच्या हाती देते आहे. राखीनंतर माझ्याबरोबर इकडे आली होती, ती आज गावी परत येतेच आहे. रागात लिहिते आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

राखी बांधून माझा हात खाली यायच्या आत तू म्हणालास, "अंजे, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला ये आन् हात जोडून म्हण, चुकलं माझं, मशीन मोडती. म्हंजी इषय मिटंल." कसली माफी मागू, दादा? काय केलं मी?

तू मशीन म्हणतोस ती माझी दुर्बीण उभी करायला चार वर्षं गेली. रिकाम्या पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडचे पत्रे सरकते केले, ते चढवायला तूच होतास. कोरेगाव भीमाच्या वर्कशॉपमधून फायबरची भली मोठी परात करून आणली. परात सावकाश, एका लयीत फिरवायची आणि तिच्यात पारा ओतायचा. फिरता फिरता पारा कडांकडे चढतो, मध्ये खोलगट होतो, आणि काच घासून घासून जो आरसा करायला महिने लागतात तो आपोआप होतो. फक्त परात तिरकी केली की पारा सांडला. त्यामुळे ही दुर्बीण बघणार ती सरळ डोक्यावर. आभाळ वरून सरकत जाईल तेवढंच तिचं. स्वातीचा तारा आपल्या शेडवरून जाताना थोडक्यात निसटतो. त्यावर तू हसला होतास, "येवढा खटाटोप, आन् मान वळवायची सोय न्हाई व्हय?" तेव्हा तुझं हसणं मला गोड वाटलं होतं.

पारा कसा हाताळायचा ते मी घरात प्रत्येकाला कंटाळा येईपर्यंत सांगितलं होतं. मास्क, हातमोजे, उघडी हवा, शेडला कुलूप. दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, मी तो परातीतून काढून जाड बाटल्यांत भरते. यंदाही भरला, कुलूप लावलं, किल्ली तुझ्याकडे दिली आणि पेपर तपासायला इकडे आले.

ते वर्षाचा गहू भरायचे दिवस. गव्हाला कीड लागू नये म्हणून बाजारातल्या पाऱ्याच्या गोळ्या आपल्याकडे घरोघर कोठीत टाकतात, हे मला काय माहीत नाही? घरातच एवढा पारा आहे तर विकत कशाला आणायचा, असं तुला वाटलं असेल. तेवढंही मी पोटात घातलं असतं. पण तू तो गल्लीभर वाटलास. तू सोसायटीचा चेअरमन, स्वतः दारात येऊन पारा देतोस म्हटल्यावर बायकांनी किती कौतुक केलं तुझं.

मग जुलैत कुणीतरी मोबाईलवर पाऱ्याच्या विषबाधेचा व्हिडिओ दाखवला, आणि तू बोट दाखवलंस ते माझ्या शेडकडे. परवा मी गल्लीतल्या सोजराबाईंना फोन केला. म्हटलं, कोठी घराबाहेर काढा, तो गहू खाऊ नका. त्या म्हणाल्या, "आगं, तुझा दादा मच्छिंद्रच म्हणला ना, दाण्यातला पारा येगळा, मशिनीतला येगळा. मशिनीतला इखारी हाय."

एकाच बाटलीतला पारा, दादा. शेडमध्ये असला की विष आणि कोठीत असला की औषध, हे तू कोणत्या तोंडानं सांगितलंस? लोक अजून त्याच गव्हाच्या चपात्या खातायत, लेकरं त्याच खोल्यांत झोपतायत, आणि तू माझी परात मोडायचा ठराव आणतोस.

आता आईचं. इतका वेळ मी ते टाळत आले.

राखीला तिनं ओवाळायचं तबक उचललं आणि ते तिच्या हातात लटलट कापायला लागलं. वहिनीनं पटकन काढून घेतलं. आईनं हात पदराखाली लपवले, आणि तू म्हणालास, "वय झालं आता." मेमध्ये ती सुईत दोरा ओवत होती. आता तिला झोप नाही, साध्या बोलण्यावर रडू येतं, हे वहिनीनंच मला सांगितलं. तुमची कोठी आईच्या खाटेच्या उशाशी आहे. पारा राखेत मळून गव्हाला चोळला तो आईनं, उघड्या हातांनी, कारण बाटली तू आणून दिलीस. पोटात गेलेल्या पाऱ्यापेक्षा श्वासातून गेलेली त्याची वाफ जास्त वाईट, आणि त्या बंद खोलीत ती तीन महिने झोपते आहे.

शिरूरच्या डॉक्टरांकडे तू तिला दोनदा नेलंस. मी वहिनीला विचारलं, पाऱ्याचं सांगितलं का त्यांना? ती खाली बघत म्हणाली, "त्यांनी नगं म्हणलं."

आईचे हात एकीकडे आणि गावातलं तुझं नाव दुसरीकडे, आणि तू नाव सांभाळलंस. मला तुझी लाज वाटते. हे लिहिताना रडू येतंय, पण खोडणार नाही.

कोठी आजच खोलीतून बाहेर काढ. दारंखिडक्या उघड्या टाक, झाडू मारू नका, पारा आणखी पसरतो. आईला पडवीत झोपवा. गहू उकिरड्यावर फेकू नकोस, गुरं तोंड घालतील. पोत्यांत बांधून माझ्या शेडमध्ये ठेव. उद्या सकाळी मी गाडी घेऊन येते आणि आईला पुण्याला तपासायला नेते. तिथल्या डॉक्टरांना मी सगळं सांगणार आहे.

शुक्रवारी मी ग्रामसभेला येईन, पण माफी मागायला नाही. प्रत्येक घरातली कोठी बाहेर काढा, एवढंच सांगेन. बायका विचारतील, मग पारा दिला कुणी? मी तुझ्याकडे बघून थांबेन. तू उठलास तर तुझ्या शेजारी येऊन उभी राहीन, लोक काय बोलतील ते दोघं मिळून ऐकू. नाही उठलास तर मी सांगेन, आणि आई त्या घरात परत येणार नाही.

पाकीट मी चिकटवलेलं नाही. सायलीनं वाचलं तर वाचू दे, आजीजवळ झोपते ती.

शुक्रवारपर्यंत तरी तुझीच बहीण,
अंजना