जेलीतला कान

४ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही मनानेच भरता, म्हणून हे पत्र. मी कारखान्यात कान छापते असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगितलंत म्हणे! छापते, पण प्रयोगशाळेत, आणि कागदावर नाही. समुद्री शेवाळापासून काढलेला चिकट रस, त्यात जिवंत पेशी, आणि ते सुईतून थरावर थर. केकवर नक्षी काढायची तुमची क्रीमची पिशवी असते ना, तसंच माझं यंत्र. जोर जास्त झाला तर पेशी मरतात, कमी पडला तर धार तुटते.

अडचण एवढीच, की रस फार मऊ आहे आणि कान उभाच राहत नाही. म्हणून थंड जिलेटिनच्या चुऱ्यात सुई बुडवून आतल्या आत छापायचं. नंतर अंगाइतकी ऊब दिली की जिलेटिन वितळून जातं आणि कान मागे राहतो, असं पुस्तक म्हणतं. मी जिलेटिन मिक्सरमध्ये चांगलं पाच मिनिटं फिरवते, वर फेस येतो, आणि कानाची पाळी गळून पडते. अकरा कान असे गेले.

एकतीस तारखेपर्यंत एकही उभा राहिला नाही तर आमच्या प्रमुख बाई हे काम बंद करणार. मग मी घरीच येईन. तसंही इथे दिवसदिवस माझ्याशी कोणी बोलत नाही. पण जन्मतः कान नसलेल्या मुलांसाठीचं हे काम सोडायचं म्हटलं की जीव तुटतो.

तब्येत सांभाळा.
तुमची भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं. बापाने जन्मभर केकवर गुलाब काढले, आता लेक कान काढते. खाण तशी माती!

मनाला लावून घेऊ नकोस. सरळ घरी ये. तुझ्या खोलीतलं आईचं शिलाई मशीन बाहेर काढलं, पलंगाचा करकरणारा पाय ठोकून बसवला. तुझी आई गेल्याला तीन वर्षं झाली, तरी चहाला मी अजून दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. आता ठेवावा लागणार नाही.

वाट बघतोय.
बाबा

१२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

तीन दिवस अन्न गोड लागत नाही, म्हणून लगेच दुसरं पत्र. तू फेस लिहिलंस तिथेच मला तुझी चूक कळली होती. केकवर पसरायला जेलीचा चुरा मी तीस वर्षं केलाय. पाच मिनिटं फिरवलं की पातं तापतं आणि जेली अर्धी वितळते. भांडं आणि पातं आधी बर्फात गार कर. दोन-दोन सेकंदच फिरव, मध्ये थांब. मग चुरा खाली बसू दे आणि वरचं पाणी, फेस ओतून टाक. उरेल तो ओल्या वाळूसारखा लागला पाहिजे.

हे मी पहिल्या पत्रात मुद्दामच लिहायचं टाळलं. तू हरलीस तर घरी येशील, एवढंच डोक्यात होतं. पोरीच्या अपयशाची वाट बघणारा बाप मी. तुझ्या आईने मला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

रागाव, पण आधी भांडं गार कर.
बाबा

३० मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

रागावले होते. दोन दिवस भांड्याला हात लावला नाही. मग गार केलं.

काल कान उभा राहिला, पाळीसकट. ऊब दिली, जिलेटिन निघून गेलं, आतल्या पेशी जिवंत आहेत. बाईंनी काम दोन वर्षं वाढवलं. म्हणजे मी येत नाहीये, बाबा. ऑगस्टमध्ये आठ दिवस येईन, तेवढ्यासाठी मशीन बाहेरच राहू द्या.

काल सगळे घरी गेल्यावर तुम्हाला फोन केला. तुम्ही ‘कोण? कोण?’ करत फोन ठेवून दिलात. मग मी त्या कानाच्या झाकलेल्या बशीशी तोंड नेलं आणि तुमचं बारा तारखेचं पत्र मोठ्याने वाचलं. त्यालाही तुमच्यासारखंच काही ऐकू येत नाही. पण तुम्हा दोघांशिवाय मला सांगायला कोणी नाही.

लोभ आहेच. तुम्ही असंच, उशिरा का होईना, खरं लिहीत राहा.
तुमची भिंगरी