शिवना रुंद होते तिथून

प्रिय आबा,

मेंढरं नदीपार झाली! सगळीच्या सगळी! ही बातमी आधी तुम्हालाच द्यायची होती. फोन करावा तर तुम्ही नाहीत, म्हणून गंगापूरच्या अलीकडं बांधावर बसून लिहितेय.

तुम्ही गेल्यापासून मायचं एकच पालुपद, "नदी उतरवणारा माणूस गेला, आता मेंढरं विकून टाकू." मी हट्टच धरला. यंदाची खेप मी नेते, मेंढरं पार झाली तर ठेवायची, नाय तर व्यापाऱ्याला बोलवायचं. खाली नदीपलीकडच्या पाटलांचा निरोप आलाच होता, रान मोकळं झालंय, लेंडीखतासाठी मेंढरं रात्री रानात बसवा.

आबा, आपली शिवना किती बदलते हो! वर कन्नडच्या डोंगरात घागरीएवढे दगड, पाणी उड्या मारतं, चार ढांगा टाकल्या की पलीकडं. खाली यावं तसे ओढे मिळत जातात, दगडांचे गोटे होतात, मग नुसती वाळू. पात्र पसरतं, वळणं घेतं, एक काठ खातं नि समोर वाळू टाकतं. वरून लई आळशी दिसतं पाणी, पण पाय टाकला की त्याचा जोर कळतो!

हे तुम्ही कधी तोंडानं सांगितलंत का? एवढी वर्षं मी मागं चालले, तुम्ही आपले गप्प! अजून राग येतो मला.

माय काठावरून ओरडली, "अगं, तिकडून काढ, अरुंद हाय, पटकन होईल!" ती डोंगरातली, तिकडं अरुंद म्हणजे सोपं. पण इथं एवढं सगळं पाणी चिंचोळ्या जागेतून जायचं म्हणजे खोलच असणार ना! मी रुंद जागा धरली, पाणी खळखळत होतं तिथली.

"येडी झालीस व्हय? केवढी पसरलीय नदी!"

आधी मीच शिरले. पाणी गुडघ्याच्या वर आलंच नाय! मग म्होरक्या मेंढ्याला शिंगाला धरून ओढला, अन् त्याच्यामागं सगळा कळप, बें बें करत, एकमेकांच्या अंगावर पडत!

माय शेवटी आली, लुगडं खोचून, खांद्यावर कोकरू. कोकरू खाली सोडलं. मग म्हणाली, "व्यापाऱ्याला नको म्हणून सांग." अन् तुमचं नाव घेऊन रडली. मग मीही रडले.

आबा, शब्द देते, माझे पाय चालतात तोवर तुमचा कळप कुणाच्या दावणीला जाणार नाय. अन् पुढच्या वर्षी याच जागी सगळ्यांच्या आधी मायला पाण्यात उतरवते, बघाच तुम्ही!

तुमचीच,
मंगल