अडखळ मोजण्याचा घोळ

उस्मानाबाद,
ता. १२ फेब्रुवारी १९६३

तीर्थरूप नारायणमामांना राघवेंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? (ती दुखते तेव्हा त्रास आपल्यालाच जास्त होतो, असं मामींचं म्हणणं.) रविवारी तुळजापूरला नीलाला बघायला तुम्ही येणार, हे कळलं. हे तरी स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मी एक उद्योग केला. पुण्याहून तोतरेपणावर संशोधन करणाऱ्या एक बाई आल्या आहेत. आपलं तोतरेपण नेमकं किती, ते मोजून घ्यावं आणि मुलीकडच्यांना सरळ आकडाच सांगावा, म्हणून त्यांच्यापुढं जाऊन बसलो.

बाईंनी टेपरेकॉर्डरवर माझं दहा मिनिटांचं बोलणं घेतलं. ते दोघांनी वेगवेगळं ऐकून अडखळी मोजायच्या, आकडे जुळले तरच खरे, असा नियम. मोजायला हॉटेलवाले कल्याणप्पा आणि चाँदपाशा टेलर, दोघांपुढं चिंचोके, दर अडखळीला एक टाकायचा. कल्याणप्पांचे बावन्न भरले, चाँदपाशांचे सात. पुन्हा ऐकवलं तर कल्याणप्पांचे स्वतःचेच एकतीस. बाई चक्रावल्या आणि जवळ जाऊन बसल्या. बघतात तर टेपमधला मी अडखळलो की कल्याणप्पा यंत्राकडं वाकून शब्द पुरवत होते (यंत्र आभार मानत नाही म्हणून नाराजही होते), आणि त्या नादात चिंचोका टाकायचा राहत होता. चाँदपाशांचा हिशोब सरळ होता. ते म्हणाले, “आमी लफ्ज दिला की त्येची मुश्किल खलास. मंग मोजायचं काय, बाई?”

मामा, माझं सगळं आयुष्य असंच गेलं. सगळी गल्ली माझी वाक्यं पुरी करते, मायेनंच करते, आणि मी मान डोलावतो. (मला बिनसाखरेचा चहा आवडतो, हे कल्याणप्पांना पंधरा वर्षांत कळलेलं नाही.) शेवटी बाईंनी दोघांना बाहेर काढलं, नवी टेप लावली आणि माझा शब्द येईपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. मला रडूच आलं. (ते मोजण्यात धरत नाहीत.) आकडा अजून ठरलेला नाही. आधी मोजणारे तयार करावे लागतील, असं बाई म्हणतात.

तुमचा, बोलण्यात मंद पण लिहिण्यात सुसाट भाचा,
राघवेंद्र

ता. क. मागच्या मुलीला काही विचारावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तुम्ही पुरं केलंत, “स्वयंपाक येतो का?” ती हो म्हणाली. मला तिला विचारायचं होतं, “माझं बोलणं संपेपर्यंत थांबायची तुमची तयारी आहे का?” रविवारी नीलाला ते मीच विचारणार. पाच मिनिटं लागतील, कदाचित दहा. तेवढा वेळ तोंडात सुपारी धरून गप्प बसा, एवढंच मागणं.

आणखी एक. तुम्हाला राहवणार नाही, म्हणून मामींना तुमच्या शेजारी बसवतोय. चिमटा काढायला त्या आनंदानं तयार झाल्या आहेत. आणि उत्तर द्यायला नीलाला वेळ लागला, तर तिचंही पुरं करू नका.