रिळाला मारलेलं व्हार्निश

पिंपळगाव राजा,
रविवार

प्रिय भागवत,

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहेत, तुझ्या आईचे गुडघे सोडले तर. फोन असताना पत्र कशाला असं तुला वाटेल, आणि वाटायलाच हवं, कारण मी आयुष्यभर अर्ज सोडून दुसरं काही लिहिलं नाही. पण फोनवर आपलं काय बोलणं होतं ते तुलाही माहीत आहे. बरा आहेस ना, हो बरा आहे, घे आईला देतो. सात वर्षांत गाडी यापुढे गेली नाही. शिवाय मला जे सांगायचं आहे ते फोनवरच झालेल्या एका गोंधळाबद्दल आहे. गेले अकरा दिवस तुझा फोन आला की मी तो न उचलता आईकडे सरकवतो.

आधी लग्नाचं सांगतो. अनुपमाची तारीख सत्तावीसच धरली आहे. मांडववाला ठरला. आचारी डोणगावचा, व्याह्यांच्याच गावचा, म्हणजे जेवणाला नावं ठेवायची झाली तर त्यांना आपल्याच माणसाला ठेवावी लागतील. सगळं मार्गी लागलंय आणि तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. तू आईला सांगितलंस की तू एकटाच येणार, दोन दिवस राहून परत जाणार, सारिका आणि छोटी प्रेरणा तिकडेच राहतील. कारण दिलंस उन्हाचं. लेकरू हिमाचलच्या थंडीत वाढलेलं, आपल्याकडचं वैशाखातलं ऊन त्याला सोसायचं नाही. ऐकायला अगदी बरोबर आहे. मीही सगळ्यांना तेच सांगत फिरतोय. शेजारच्या बियाण्यांच्या दुकानातल्या हिंमतरावांनी नात येणार ना म्हणून विचारलं, तर मी त्यांना उन्हावर एवढं मोठं भाषण दिलं की ते माझ्याकडे बघतच राहिले. पण मनातून मला ते पटलेलं नव्हतं. साडेतीन वर्षांची नात, आणि मी तिला फक्त फोनच्या काचेत पाहिली आहे. आत्याच्या लग्नाला आली नाही तर मग ती या घराचा उंबरा ओलांडणार कधी?

मला वाटलं, तू माझ्यावर रागावला आहेस ते तुझ्या कामावरून. त्यात माझी चूक आहेच. तू इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलास तेव्हा मी दुकानात तुझ्यासाठी दुसरं टेबल करून घेतलं होतं. तू महिनाभर डोंगर चढायला म्हणून गेलास आणि तिकडच्या नदीवर लोकांना मासे धरायला शिकवायला लागलास. माझ्या गळ्यात माळ. चार माणसांत काय सांगू? पोरगा हॉटेल लाइनमध्ये आहे, असं मी सात वर्षं सांगत आलो. तुम्ही मासा धरून परत पाण्यात सोडता, हे अनुपमाने मला मोबाईलवर दाखवलं तेव्हा कुठे समजलं. तरी मी तोंडाने काही चांगलं बोललो नाही. धरायचा आणि सोडायचा, मग धरायचाच कशाला, एवढंच म्हणालो. माझ्या जिभेला हाड नाही हे तुझी आई उगाच म्हणत नाही.

तर मी ठरवलं की तू येण्याआधी तुझ्या कामातलं निदान काहीतरी समजून घ्यायचं. बाकी काठी, पिसांची खोटी माशी, पाण्याचा अंदाज हे माझ्या आवाक्याबाहेरचं. पण त्या काठीखाली दोरी गुंडाळायचं रीळ असतं, ते पाहून मला हुरूप आला. पस्तीस वर्षं मी जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरतोय. या तालुक्यातल्या निम्म्या विहिरींतल्या मोटारींची तार माझ्या बोटांतून गेली आहे. गुंडाळायच्या वस्तूत मला कोण काय शिकवणार, असा माझा तोरा. अनुपमाकडून मोबाईलवर पाच नंबरची काठी मागवली आणि रीळ मात्र मी स्वतः निवडलं. कसं निवडलं माहीत आहे? वजनावरून. तांब्याच्या बाजारात राहून दुसरी सवय कुठली लागणार. जास्त वजन म्हणजे माल चोख. मोबाईलवरच्या यादीत सगळ्यात जड होतं ते घेतलं, बहुधा समुद्रातल्या माशांचं असावं. आलं तेव्हा हातात धरून मला फार समाधान वाटलं.

पुढचं लिहायला लाज वाटते. दोरी सुटी आली होती. मी ती घट्ट ओढून, वेढ्याला वेढा लावून, काठोकाठ भरली. एक वेढा दुसऱ्यावर चढू दिला नाही. इतकं सुबक काम झालं की अनुपमालाही बोलावून दाखवलं. आणि मग, भागवत, हात थांबला नाही. वेढे सुटू नयेत म्हणून, मोटारीच्या कॉइलला मारतो तसं, ब्रश घेऊन त्याला व्हार्निश मारलं आणि पत्र्यावर उन्हात वाळायला ठेवलं. संध्याकाळी पाहतो तर त्याची एक गच्च वीट झाली होती. दोरीचं टोक कोणतं तेही कळेना.

मोटारी जळायचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, शेतकरी डोक्यावर बसलेले, आणि मी ती वीट गल्ल्यात लपवून ठेवलेली. दोन दिवस विचार केला. मग तुमच्या नदीवरच्या कॅम्पचा नंबर अनुपमाच्या मोबाईलवरून कागदावर उतरवून घेतला. वाटलं, कोणीतरी मॅनेजर असेल, नवशिक्या गिऱ्हाईक म्हणून विचारून घेऊ, दुसरं रीळ तरी नीट निवडता येईल. माझा नंबर तिकडे नको म्हणून हिंमतरावांचा फोन मागितला. घंटी वाजली आणि फोन तू उचललास.

मी ठेवून द्यायला हवा होता. त्याऐवजी मी म्हणालो, अकोले से वर्मा बोल रहा हूं. वर्मा हे नाव कुठून सुचलं देव जाणे. माझी हिंदी तुला माहीत आहे, ट्रकवाल्यांशी बोलून कमावलेली. तू मात्र एकदाही हसला नाहीस. अठरा मिनिटं बोललास, मी नंतर पाहिलं. आधी काठीचा नंबर विचारलास. पाच नंबरच्या काठीला त्याच मापाचं रीळ लागतं म्हणालास. जड रीळ लावलं तर तासाभरात मनगट भरून येतं आणि नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही, म्हणून सुरुवातीला हलकं घ्या, साधा ब्रेक असलेलं घ्या, महागाच्या नादी लागू नका. आधी बारीक दोरा भरायचा, त्यावर जाड दोरी, आणि कडेला बोटभर नाही तरी थोडी जागा मोकळी ठेवायची. मी मध्येच विचारलं, जागा मोकळी का? तू म्हणालास, मासा जोरात असला की घाईघाईत दोरी वेडीवाकडी गुंडाळली जाते, काठोकाठ भरलं असेल तर ती अडकून बसते. मी पस्तीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाईकाला इतकं गोड बोलून समजावलं नाही. तुला कोणी हे शिकवलं, माझ्याकडून तर नाही, असा विचार करत मी ऐकत होतो, आणि त्याच नादात माझ्या तोंडून निघून गेलं, की मैंने तो उसको व्हार्निश मार दिया.

मला इकडे बसस्टँडवरच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत होता, तो तुलाही ऐकू गेला असेल. मग तू खाकरलास आणि म्हणालास, कोई बात नहीं सर, शुरू में सबसे गलती होती है. बस, इतकंच. तेव्हापासून मी एकाच गोष्टीने हैराण आहे. तू ओळखलंस का? रिळाला व्हार्निश मारणारा माणूस या देशात दुसरा असेल असं मला वाटत नाही. पण ओळखलं असतंस तर पुढचा प्रश्न विचारला असतास का? की ओळखलंस म्हणूनच विचारलास? तू म्हणालास, आख़िरी बात सर, आप कौन से हाथ से फेंकेंगे, हँडल दूसरी तरफ लगेगा. मी म्हणालो, सीधे हाथ से, और कौन से? त्यावर तू म्हणालास की असं ठरवून सांगू नका, एखादी वस्तू पडताना पकडायला जो हात आपोआप पुढे जातो तो तुमचा हात. मग म्हणालास, रील तो पलट जाती है सर, हाथ नहीं पलटना चाहिए.

मी फोन ठेवून दिला. हिंमतरावांना वाटलं, कोणाचं काही बरं-वाईट झालं.

तू विसरला असशील अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत होतो. सहा वर्षांचं पोर, त्याला काय आठवणार. सोनाळ्याला अन्नपूर्णाआत्याच्या घरी वास्तुशांतीचं जेवण होतं. तू माझ्या शेजारी पंगतीत बसलास आणि वाढप्याने दिलेली बुंदी डाव्या हाताने घेतलीस. समोरच्या एका म्हाताऱ्याने भर पंगतीत म्हटलं, पोराले वळण नाही लावलं काय हो, डाव्या हातानं अन्न घेऊन राह्यला. मी ओशाळून हसलो. त्याला एका शब्दाने बोललो नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉइल बांधायची सुती पट्टी घेऊन तुझं डावं मनगट मागे करदोड्याला बांधलं. जेवताना आणि अभ्यासाला बसताना रोज, जवळजवळ एक वर्ष. तुझी आई मी दुकानात गेलो की ती सोडायची आणि मी यायच्या वेळेला पुन्हा बांधायची, हे मला माहीत होतं. तू उजव्या हाताने लिहायला लागलास तेव्हा मी दुकानात ज्याला त्याला सांगायचो, उलटी फिरणारी मोटार दोन वायरी बदलल्या की सुलटी फिरते. लोक मान डोलवायचे. त्याच वर्षी तू माझ्याशी बोलणं कमी केलंस. मला वाटलं, पोरगा शहाणा झाला.

फोन ठेवल्यावर अनुपमाकडून तुझा तो नदीतला व्हिडिओ पुन्हा मागून घेतला. आधी मी चार वेळा पाहिला होता, पण मासा पाहिला, पाणी पाहिलं, तुझी वाढलेली दाढी पाहिली आणि त्यावरून बोललोही. हाताकडे बघितलंच नव्हतं. तू काठी डाव्या हाताने फेकतोस. किती सहज फेकतोस रे. मी दुकानात बसून रडलो आणि गिऱ्हाईकाला सांगितलं की व्हार्निशची वाफ डोळ्यांत गेली.

त्या दिवशी घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं, वर्मापासून. ती लग्नाचे पापड लाटत होती. तिने लाटणं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "ऊन-बिन काही नाही. पोरगी डावखुरी हाये. तुमच्यापुढं पंगतीत बसवाचं भेव वाटते त्याले." तिला हे दोन महिन्यांपासून माहीत होतं, तुला शब्द दिला म्हणून बोलली नव्हती. तिच्यावर रागावू नकोस. भागवत, माझ्या नातीला तू माझ्यापासून सांभाळतो आहेस, आणि बाप म्हणून तू बरोबर करतो आहेस. माझ्याकडून चूक झाली असं म्हणणंही कमीच आहे, मी तुझ्यावर जुलूम केला, तोही लोकांच्या भीतीने. हे लिहायला मला अकरा दिवस लागले आणि यासाठीच हे पत्र आहे. तिला घेऊन ये. तिला माझ्या शेजारी बसवायचं नसेल तर दूर बसव, सारिकाच्या मांडीवर बसव, मला चालेल. पण पंगतीत कोणी तिच्या हातावरून एक शब्द बोललं, मग तो व्याही का असेना, तर मी उठून त्याला सगळ्यांदेखत उत्तर देईन. अनुपमाला हे सांगितलं आहे. ती म्हणाली, बाबा, खुशाल बोला. एवढं वाचूनही तुला धीर झाला नाही तरी मी समजून घेईन, स्टेशनवर तुला घ्यायला मीच येईन आणि काही विचारणार नाही. या पत्राला उत्तर लिहू नकोस, मला फोनही करू नकोस. फक्त तिकिटं किती काढलीस तेवढं आईला सांग. आईला तुझा फोन आला की मी हल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहतो.

तुझाच,
बाबा