कोरड्या थंडीचं जॅकेट

बाबा, तुमचं जॅकेट बर्फात भिजलं. इथे आखातात, गाला भागातल्या त्या कोल्ड स्टोअरेजमध्ये ज्याने तुम्हाला इतकी वर्षं उणे अठरात सांभाळलं, ते जॉर्जियाच्या डोंगरावर जेवणाच्या वेळेपर्यंतही टिकलं नाही. आम्ही स्कीइंगला गेलो होतो, आणि घातलं होतं अर्थात दादाने. तुम्ही गेल्यावर ते त्याच्याच कपाटात गेलं. मला कुणी विचारलंही नाही.

शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीला, तुम्ही त्याला कामावर न्यायचात. "चल रे, यल्ला," म्हणालात की तो दारात हजर. मी ओट्यापाशी उभी आहे, विचारते, "मी येऊ?" बुटांची नाडी बांधताना तुम्ही म्हणता, "तू नको. तुला सर्दी होते." सर्दी दादालाही व्हायची. परत आला की आत पापण्या कशा गोठतात आणि तुमच्या जॅकेटच्या बाह्या दुमडून त्याने कोंबडीचे खोके कसे मोजले, हे आठवडाभर सांगायचा. मी ताटात बघत जळत राहायचे. मला मिळायचात ते घरी आलेले तुम्ही, बाहेरच्या उन्हाने घामाघूम झालेले. "थंडीने नाही, या ओल्या बनियनने आजारी पडाल," आई म्हणायची. ती बनियन पिळून वाळत घालायचं काम माझं.

म्हणून तर स्कीइंगच्या भाड्याच्या दुकानात मी दादाला सांगितलं, "इथलं जॅकेट घे. याच्या शिवणींतून पाणी आत येत नाही. घाम जायला काखेत चेन आहे." तो हसला. "अगं, बाबांनी यात मायनस एटीन काढलंय. इथे तर मायनस टू आहे." पण फ्रीझरमधली थंडी कोरडी असते. तिथे अंगावर पडून वितळायला काही नसतं. इथे तो पडला, उठला, पुन्हा पडला, आणि अंगाच्या उबेने बर्फाचं पाणी होऊन टाक्याटाक्यातून आत शिरलं. जाड अस्तराने ते सगळं पिऊन घेतलं. ओठ निळे पडले तरी तो ते काढेना. मी कोरडी ठणठणीत उभी राहून बघत होते आणि मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात दात वाजवत तो म्हणाला, "बाबा आत असेच हसायचे बघ, मी कुडकुडलो की." झालं. माझा सगळा आनंद तिथेच संपला. तुमचं ते हसणं मी कधी पाहिलंच नव्हतं.

ओलं जॅकेट मी अल हैलला घरी घेऊन आले, म्हटलं धुऊन, वाळवून देते. दादा सोहारहून फोन करतो, "वाळलं का गं?" मी सांगते, "नाही रे, अस्तर जाड आहे, वेळ लागतो." आपल्या गच्चीत गोधडीसुद्धा दुपारपर्यंत वाळते, हे त्याला काय माहीत नाही? काल म्हणाला, "असू दे. वाळू दे सावकाश. आणायची घाई करू नकोस."

समजून म्हणाला तो. एसी अगदी कमी करून तेच जॅकेट घालून बसले आहे. हे पत्र त्याच्या हाती लागू देणार नाही, कारण तो मनाने चांगला आहे आणि त्याला वाईट वाटेल. त्याने दिलेलं मला नको होतं, बाबा. मला तुम्ही द्यायला हवं होतं.